नव्या टू-स्ट्रोक सायकल इंजिनाचं रनिंग-इन: पेट्रोलमध्ये ऑइल किती, कसं आणि का

सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक किटमध्ये टाकी असते, कार्बोरेटर असतो, सायलेन्सर, चेन, नटबोल्टांची पिशवी, सगळं असतं. ऑइल भरायची जागा मात्र कुठेच नसते. आधी फक्त फोर-स्ट्रोक गाडी वापरलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. डिपस्टिक शोधतो, ड्रेन बोल्ट शोधतो, काहीच सापडत नाही म्हणून टाकीत नुसतं पेट्रोल ओततो. इंजिन सुरू होतं, मजेत पळतंही. आणि थोड्याच वेळात पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

म्हणून किट बसवून झालं की पेट्रोल ओतायची घाई करू नका. इंजिनाच्या पोटात जाणारे पहिले ८-१० लिटर त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरवतात, आणि त्या ८-१० लिटरांत काय मिसळायचं हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं. नवं इंजिन सुरुवातीला असं जपून चालवून त्याचे भाग एकमेकांशी जुळू देणं म्हणजेच रनिंग-इन.

ऑइल पेट्रोलातूनच का?

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खाली, क्रँककेसमध्ये, पोकळी तयार होते. कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल त्या पोकळीत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की हेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये चढतं. क्रँककेसचाच पंप म्हणून उपयोग करायची ही कल्पना १८९० च्या सुमारास इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी पुढे आणली, आणि सायकलवरची छोटी इंजिनं आजही तशीच चालतात.

या रचनेत व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, सगळं हलकं आणि सुटसुटीत. पण क्रँककेसमधून पेट्रोल वाहत असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठवता येत नाही. क्रँकच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या आणि वरच्या टोकाची बेअरिंगं, पिस्टन, रिंगा, सिलिंडरची भिंत, या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलात विरघळून आलेल्या ऑइलाचं. पेट्रोलाची वाफ होते, ऑइलाचे सूक्ष्म थेंब धातूवर बसतात, आपलं काम करतात आणि शेवटी वर जाऊन जळतात. म्हणजे वंगण सतत वापरलं जातंय आणि सतत नवं येतंय. पेट्रोल थांबलं की वंगणही थांबलं. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा, पुढे उताराबद्दल बोलू तेव्हा लागेल.

क्लचचे गिअर एका झाकणामागे असतात, त्यांना थोडं ग्रीस लागतं. त्याचा या मिश्रणाशी संबंध नाही.

ऑइल कुठलं घ्यायचं

डब्यावर ते टू-स्ट्रोक इंजिनासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल इथे चालत नाही. ते इंजिनात महिनोन् महिने राहावं म्हणून बनवलेलं असतं, जळून जावं म्हणून नाही. त्यातल्या रसायनांची जळून राख होते आणि ती प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साठते. स्वयंपाकघरातलं तेल तर नकोच.

टू-स्ट्रोक ऑइलातही प्रकार आहेत. डब्याच्या मागे जासोची (जपानी दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) खूण बघा. जासो एफबी हे साधं, एफसी कमी धुराचं, एफडी त्याहून जास्त स्वच्छ राखणारं. एफसी मिळालं तर रनिंग-इनसाठी छान. एका डब्यापासून सावध राहा: टीसी-डब्ल्यू३ लिहिलेला. ते होड्यांच्या इंजिनांचं ऑइल. ती इंजिनं पाण्याने थंड होतात, त्यामुळे त्यांचं तापमान आपल्या इंजिनापेक्षा बरंच कमी राहतं. आपलं इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं, तेही सायकलच्या वेगाच्या वाऱ्यावर. डब्यावर टू-स्ट्रोक लिहिलंय एवढंच पाहून ते उचललं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मिनरल की सिंथेटिक, यावर जुने मेकॅनिक तासभर वाद घालू शकतात. माझं मत असं की पहिल्या काही लिटरांना मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक वापरावं आणि रिंगा बसल्यावर हवं तर पूर्ण सिंथेटिककडे जावं. चांगलं सिंथेटिक सुरुवातीपासून घातल्याने इंजिन बिघडेल असं मी म्हणणार नाही. मात्र रनिंग-इनमध्ये ब्रँड बदलत राहू नका. प्लगचा रंग, धूर, आवाज यांवरून शिकायचं असतं, आणि रोज नवं ऑइल असेल तर कशामुळे काय झालं ते कळतच नाही.

पेट्रोल

ताजं हवं, साधं चालतं. या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी असतं, त्यामुळे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलाने काही फायदा होत नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तुमचं ऑइल वरच्या पेट्रोलाच्या थरात राहतं. कॉक, म्हणजे टाकीची तोटी, कुठून ओढतो? तळातून. म्हणजे मिश्रण अगदी काटेकोर केलेलं असूनही इंजिनाला ऑइल नसलेला थर मिळतो. उपाय साधा आहे: थोडं थोडं मिश्रण करा, झाकण घट्ट ठेवा, टाकी शक्यतो भरलेली ठेवा म्हणजे आत हवेला जागा कमी राहील, आणि महिन्याभराच्या आत संपवा. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर रनिंग-इनपुरतं तरी तेच वापरा.

पायरी १: प्रमाण ठरवा

प्रमाण लिहिण्याची रीत अशी: १६:१ म्हणजे १६ भाग पेट्रोल, १ भाग ऑइल. तोंडी बोलताना सोळास एक. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल जास्त; नवखे इथे उलटं समजतात.

१ लिटर पेट्रोलासाठी ऑइल असं येतं:

१६:१ – ६२.५ मिलि
२०:१ – ५० मिलि
२५:१ – ४० मिलि
३२:१ – ३१ मिलि
४०:१ – २५ मिलि
५०:१ – २० मिलि

हिशोब एका ओळीचा आहे. पेट्रोलाचे मिलिलिटर भागिले पहिला आकडा. २ लिटरला २०:१ हवं तर २००० भागिले २०, म्हणजे १०० मिलि. कोणी "पाच टक्के ऑइल मार" म्हणालं तर ते २०:१, चार टक्के म्हणजे २५:१.

आता नव्या इंजिनाला किती? सायकल किटच्या माहितीपत्रकांत रनिंग-इनसाठी १६:१ आणि नंतर २०:१ हे आकडे नेहमी दिसतात. ते लिहिताना बनवणाऱ्याने अगदी साधं ऑइलही गृहीत धरलेलं असतं. तुमच्या किटच्या कागदावर जे प्रमाण असेल तेच पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत पाळा. कागदच नसेल, आणि हातात जासो एफसीचं चांगलं ऑइल असेल, तर मी २०:१ ने सुरुवात करतो. ३२:१ च्या पुढे नव्या इंजिनाला नेऊ नका. ४०:१ आणि ५०:१ हे आकडे झाडं कापायच्या करवतींच्या वगैरे डब्यांवर असतात. त्या इंजिनांची घडण, बेअरिंगं आणि थंड करायची सोय वेगळी असते, तिथला आकडा उचलून इथे लावायचा नसतो.

पायरी २: मोजा आणि मिसळा

अंदाजाने ओतू नका. ऑइलच्या बाटलीचं बूच हे माप नाही, "दोन धारा" हे माप नाही. मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला किंवा सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, आणि ती याच कामाला ठेवा. पेट्रोलही मोजूनच घ्यायचं, कारण ५ लिटरच्या कॅनमध्ये खरोखर ५ लिटर आहे की पावणेपाच, यावर प्रमाण बदलतं.

टाकीत थेट मिसळायचं नाही. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून ऑइल ओतलं, की जड ऑइल खाली सरकून कॉकमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतं. पहिली काही मिनिटं इंजिन ऑइलच पितं, प्लग शॉर्ट होतो, आणि नंतर उरलेलं मिश्रण कमी ऑइलचं राहतं. दोन्हीकडून तोटा.

बरोबर पद्धत अशी. पेट्रोलासाठीच बनवलेला कॅन घ्या; पाण्याची प्लॅस्टिक बाटली नको. मोकळ्या हवेत, सावलीत, कॅन जमिनीवर ठेवा, हातात धरून किंवा गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, कारण प्लॅस्टिकवर साठलेल्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलाची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, हे लक्षात ठेवून आजूबाजूला शेगडी, दिवा, पेटती सिगारेट काही नाही याची खात्री करा. कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल घ्या. त्यात मोजलेलं सगळं ऑइल ओता. मापाच्या पेल्याला ऑइल चिकटून राहतं, म्हणून त्यातच थोडं पेट्रोल घेऊन खंगाळा आणि तेही कॅनमध्ये घाला. झाकण लावून नीट हलवा. मग उरलेलं पेट्रोल घाला, पुन्हा हलवा, झाकण एकदा किंचित सैल करून आतला दाब जाऊ द्या आणि परत घट्ट करा.

टू-स्ट्रोक ऑइलात बहुधा निळा, हिरवा किंवा लाल रंग घातलेला असतो, तो याचसाठी, की मिसळलेलं आणि न मिसळलेलं पेट्रोल डोळ्यांना वेगळं दिसावं. तरीही कॅनवर चिकटपट्टी लावून प्रमाण आणि तारीख लिहा. घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्या सायकलीत साधं पेट्रोल भरू नये, आणि तुमचं मिश्रण कोणाच्या मोटरसायकलीत जाऊ नये. टाकी भरण्याआधी दर वेळी कॅन हलवायचा. एकदा नीट मिसळलेलं ऑइल सहज वेगळं होत नाही, पण हलवायला लागतात दहा सेकंद.

इंजिन गरम असताना टाकी भरू नका. सायकलवर टाकी इंजिनाच्या अगदी वर असते आणि सांडलेलं पेट्रोल थेट सिलिंडरवर ओघळतं.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित?

मला सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवायचाय, कारण काळजीपोटी केलेली चूक इथेच होते.

इंजिनात दोन मिश्रणं असतात. एक तुम्ही कॅनमध्ये करता, पेट्रोल आणि ऑइलाचं. दुसरं कार्बोरेटर करतो, हवा आणि पेट्रोलाचं. कार्बोरेटरच्या जेटला पेट्रोल आणि ऑइल यांतला फरक कळत नाही. त्याच्या भोकातून ठरावीक द्रव जातो, बस. त्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी झालं. १६:१ च्या १ लिटर तयार मिश्रणात साधारण ९४१ मिलि पेट्रोल असतं. ३२:१ च्या १ लिटरमध्ये ९७०. म्हणजे ऑइल दुप्पट केलं की इंजिनाला मिळणारं पेट्रोल सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. शिवाय ऑइल जास्त असलेलं मिश्रण दाट असतं आणि जेटमधून जरा सावकाश येतं. परिणाम: हवा-पेट्रोलाचं मिश्रण लीन होतं. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. लीन इंजिन तापतं. पेट्रोल जळतंच, पण सिलिंडरमध्ये शिरताना त्याची वाफ होते तेव्हा ते आतल्या भागांना थंडही करत असतं, आणि ते थंडावणंही कमी होतं.

धरलेला पिस्टन हातात घेऊन पाहिला की हे पटतं. एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला उभ्या चरांचे ओरखडे, कारण ती बाजू सगळ्यात गरम. मी पाहिलेल्या अशा एका पिस्टनच्या मालकाने "नवीन आहे, जपायला हवं" म्हणून सांगितल्याच्या दुप्पट ऑइल घातलं होतं आणि कार्बोरेटरला हातही लावला नव्हता. वर इनटेकच्या गॅस्केटमधून हवाही शिरत होती. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या.

याचा अर्थ ऑइल कमी घाला असा नाही. ऑइल कमी पडलं तर बेअरिंगं जातात, आणि त्यावर कुठलाच उपाय नाही. अर्थ एवढाच की ठरवलेलं प्रमाण पाळा आणि कार्बोरेटर त्या प्रमाणाला जुळवून घ्या. रनिंग-इनच्या काळात तो किंचित रिचकडे, म्हणजे पेट्रोल जास्तकडे, असलेला बरा. बऱ्याच किटच्या कार्बोरेटरमध्ये सुईला ४-५ खाचा आणि एक क्लिप असते. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. क्लिप वर सरकवली की उलट. एका वेळी एकच खाच.

पायरी ३: सुरू करण्याआधी

प्लग काढा. सिलिंडरमध्ये अर्धा छोटा चमचा टू-स्ट्रोक ऑइल सोडा. इग्निशनचा स्विच बंद ठेवून किंवा प्लग टोपीत घालून सिलिंडर हेडला टेकवून ठेवून, क्लच सोडलेल्या स्थितीत सायकल थोडी ढकला, म्हणजे पिस्टन वरखाली होऊन ऑइल भिंतीला लागेल. गोदामात किती दिवस पडलेलं इंजिन आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

मग नट. हेडचे चारही नट तिरप्या क्रमाने, एकदम पूर्ण न कसता थोडे थोडे करत सारखे कसा. इनटेक आणि एक्झॉस्टचेही बघा. इनटेकच्या गॅस्केटला चीर असेल तर ती आत्ताच बदला, कारण तिथून शिरलेली हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते आणि कॅनमधलं कुठलंही प्रमाण तिची भरपाई करत नाही.

टाकी भरायच्या आधी ती आतून धुवा, थोड्या पेट्रोलाने खंगाळून. नव्या टाक्यांत धातूचा चुरा आणि रंगाचे कण सापडतात. कॉक आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या नळीत फिल्टर लावा.

पायरी ४: पहिली १० मिनिटं

कॉक उघडा, चोक लावा, कार्बोरेटरवर टिकलरचं (वाटीत जास्तीचं पेट्रोल सोडणारं) बटण असेल तर दोन-तीनदा दाबा. क्लच दाबून पेडल मारत वेग घ्या, मग थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन पकडलं की चोक हळूहळू काढा.

धूर येईल, भरपूर. सायलेन्सरच्या टोकातून काळपट तेलकट थेंबही पडतील. घाबरून ऑइल कमी करू नका. तुम्ही आत घातलेलं ऑइल सिलिंडरमधून जळतंय आणि रनिंग-इनचं प्रमाणही दाट आहे.

१० मिनिटं, सपाट रस्त्यावर, अर्ध्या रेसच्या आत. जागेवर उभं करून इंजिन चालू ठेवू नका. उभ्या सायकलला वारा मिळत नाही आणि मंद रेसला रिंगांवर दाबही येत नाही. १० मिनिटांनी बंद करा आणि सिलिंडरला हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. पूर्ण गार. पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो म्हणून जास्त फुगतो. हे फुगणं आणि परत आकसणं सुरुवातीला काही वेळा सावकाश व्हायला हवं, म्हणजे घासणाऱ्या जागा हळूहळू जुळतात. असं तीनदा करा. तिसऱ्यांदा गार झाल्यावर हेडचे नट परत तपासा. गॅस्केट दबल्यामुळे ते जरा सैल झालेले सापडतात. गरम इंजिनावर कसू नका. चेनही पाहा, नवी चेन पहिल्याच दिवशी सैल पडते.

पायरी ५: पहिले ५०० किलोमीटर

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण पहिल्याच दिवशी पूर्ण रेस. काही जण महिनाभर मुंगीच्या पावलांनी. दुसरी चूकही चूकच आहे. रिंगा सिलिंडरला घट्ट बसतात त्या जळणाऱ्या वायूच्या दाबाने. दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनाला कधी भारच दिला नाही तर तो दाब मिळत नाही आणि कॉम्प्रेशन कायम कच्चं राहतं.

म्हणून रेस बदलत राहा. थोडी वाढवा, काही सेकंद ओढू द्या, मग कमी करा. एकाच वेगात मैलोन् मैल जाऊ नका. वेगाचा अंदाज हवा असेल तर: २६ इंची चाक, मागे ४४ दातांचं स्प्रॉकेट आणि नेहमीचं किट असेल तर ताशी २५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ३,६०० फेरे मारत असतं. पहिले १५० किलोमीटर एवढ्यात राहा. पुढे थोडा वेळ ३० पर्यंत चालेल, पण तिथे रेंगाळू नका. चढावर पेडलने मदत करा. कमी वेगात जास्त रेस देऊन इंजिनाला रडवणं हे जोरात पळवण्याइतकंच वाईट.

किटवर ८० सीसी लिहिलं आहे म्हणून त्याच्याकडून जास्त अपेक्षाही ठेवू नका. ४७ मिमी बोअर आणि ३८ मिमी स्ट्रोकचं ते नेहमीचं इंजिन मोजून सुमारे ६६ सीसी भरतं. आणि रस्त्यावर न्यायच्या आधी तुमच्या भागात अशा सायकलला नोंदणी, परवाना, हेल्मेट यांचे काय नियम आहेत ते पाहून घ्या.

आता उतार. सुरुवातीला सांगितलेलं वाक्य आठवा: पेट्रोल थांबलं की वंगण थांबलं. लांब उतारावर तुम्ही रेस पूर्ण बंद करता, क्लच सोडलेलाच असतो, आणि चाक इंजिनाला फिरवत राहतं. फेरे भरपूर, पण कार्बोरेटर बंद, म्हणून पेट्रोल नाही, ऑइल नाही. नव्या, घट्ट पिस्टनला हे फार वाईट. उतार आला की क्लच दाबा, इंजिन मंद रेसला येऊ द्या आणि वेग ब्रेकने आवरा. क्लच सोडूनच जायचं असेल तर मधून मधून क्षणभर रेस द्या, म्हणजे ऑइलाचा एक घोट आत जाईल.

चालवताना अचानक ताकद कमी झाली, आवाज कोरडा आणि टणक झाला, किंवा सायकल कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटली, तर विचार न करता क्लच दाबा. पिस्टन धरायला लागल्याची ही खूण आहे. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि कारण सापडेपर्यंत परत सुरू करू नका. रेस सोडल्यावरही इंजिन लगेच शांत न होता वर ओरडत राहत असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे असं समजा. मंद रेसला इनटेकच्या जोडावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा; आवाज बदलला तर गळती तिथेच.

प्लग काय सांगतो

दर दुसऱ्या टाकीला प्लग काढून पाहा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग दुधाळ कॉफीसारखा असला की ठीक. काळा आणि ओला म्हणजे रिच, किंवा ऑइल जास्त, किंवा चोक अर्धवट राहिलेला. काळा पण कोरडा, काजळीसारखा, म्हणजेही पेट्रोल जास्त. पांढराफटक, खरखरीत म्हणजे लीन, आणि हा धोक्याचा. रनिंग-इनमध्ये प्लग कॉफीपेक्षा एक छटा गडद असेल तर मी तो तसाच राहू देतो.

रंग पाहायची खरी रीत अशी की अर्ध्या रेसला काही वेळ चालवून एकदम क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. घरापर्यंत मंद रेसला आलात तर प्लग फक्त मंद रेसचा रंग दाखवतो.

कानही वापरा. मिश्रण जरा रिच असलं की कमी भाराला इंजिन एक फेरा सोडून एक पेट घेतं आणि आवाज जाड, अडखळता येतो. चढ लागला किंवा रेस वाढवली की तो गुळगुळीत होतो. रनिंग-इनमध्ये हा अडखळता आवाज मला ऐकायला आवडतो. त्याचा अर्थ पेट्रोल आणि ऑइल दोन्ही पुरेसं जातंय.

प्रमाण बदलताना

५०० किलोमीटर झाले, धूर कमी झाला, सायकल ढकलताना कॉम्प्रेशनचा अडथळा आधीपेक्षा घट्ट लागतो, प्लग ठीक आहे. आता कागदावर असेल तर २०:१, किंवा चांगल्या ऑइलावर २५:१ ला या. एफडी दर्जाचं ऑइल असेल आणि तुम्ही इंजिन फार ताणत नसाल तर ३२:१ पर्यंत जाता येतं. मी स्वतः २५:१ वर थांबतो. थोडा धूर आणि थोडं कार्बन मला चालतं, बेअरिंग गेलेलं चालत नाही.

टाकीत जुनं मिश्रण उरलं असेल तर दोन प्रमाणांची सरासरी काढू नका. १ लिटर १६:१ मध्ये १ लिटर ३२:१ ओतलं तर २४:१ होत नाही, साधारण २१:१ होतं, कारण मोजायचं असतं ते आतलं ऑइल.

ऑइल कमी केलं की वरच्याच हिशोबाने पेट्रोल वाढतं, म्हणजे कार्बोरेटर आधीपेक्षा थोडा रिच वागू लागतो. आवाज मधल्या रेसलाही अडखळत राहिला तर क्लिप एक खाच वर घ्या, दोन दिवस चालवा, प्लग पाहा. रनिंग-इनमध्ये सुई मुद्दाम रिच केली असेल तर ती परत आणायची वेळ हीच. याच वेळी सायलेन्सरही उघडून आतली नळी साफ करा. सुरुवातीच्या दाट मिश्रणाचं न जळलेलं ऑइल आणि काजळी तिथे साठलेली असते, आणि ती तशीच राहिली तर इंजिनाचा श्वास कोंडतो.

सायकल काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं मिश्रण तळाच्या स्क्रूने काढून टाका. पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेलं ऑइल जेटच्या भोकात चिकट होऊन बसतं. पुढच्या वेळी इंजिन सुरू होईल, पण लीन.